कार्यक्रम चालू असताना

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत संध्याकाळ तलावाच्या बाजूने येत असे. आधी पाण्यावरचा उजेड विझे, मग भिंतींचा रंग जाई, आणि घरोघरी दिवे लागेपर्यंतचा मधला थोडा वेळ गल्ली कोणाचीच नसल्यासारखी पडून राही. त्या वेळी दार वाजले तर यमुआजी उठत नसत. पळी असो, निवडायची मेथी असो, हातातले हातातच राही, आणि पुष्कर दाराशी पोहोचेपर्यंत त्या श्वाससुद्धा चोरून घेत. पुष्कर त्यांच्या भावाचा नातू. नरखेडकडची संत्र्याची बाग वडिलांवर सोपवून तो नोकरीसाठी नागपुरात आला होता आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या या आजीकडे राहत होता. त्यांच्या या सवयीला त्याने म्हातारपण म्हटले होते आणि त्यापुढे कधी विचार केला नव्हता.

त्या दिवशीही दार अशाच वेळी वाजले. बाहेर चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. रामदासपेठेतल्या कुठल्याशा दवाखान्याचे ओळखपत्र गळ्यात तसेच लोंबत होते.

"यमुमावशी, ओळखलं का? मी भावना. लहानूची."

यमुआजींनी मेथीची काडी मोडली. "ये. किती मोठी झाली वं."

"पोरगी बारावीले हाये मायी. मी मोठी नाई होईन त काय?"

ती हसली, पण बसली ती खुर्चीच्या कडेवर. चहा झाला. तिच्या वडिलांचा विषय निघाला. लहानू दिवाळीच्या आधी गेला होता. मग कप खाली ठेवून, अनेकदा मनात घोकून आणलेले असावे तसे, ती एका दमात बोलली.

"बाबा जाता जाता एकच बोलले. म्हणे, तुया आईचा आवाज यमुताईच्या कॅसेटीत हाये. मी जिता हाये तोवर मागू नको, मले ते ऐकणं होणार नाई. आता ते नाईत, म्हणून आली. मायापाशी आईचा एकच फोटो हाये मावशी, लग्नातला. त्यात तिनं मान खाली घातली हाये. चेहराबी नाई दिसत धड."

"कोणती कॅसेट?" यमुआजी म्हणाल्या. "लय वर्षं झाले. गेली असन भंगारात."

पुष्कर माणसांत फारसा बोलत नसे. पण सीताबर्डीवरच्या ज्या लहानशा स्टुडिओत तो काम करी तिथे लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून देणे हेच त्याचे काम होते, आणि आपल्या कामाचा कोणाला उपयोग होईल असे प्रसंग त्याच्या वाट्याला थोडे येत. तो उत्साहाने म्हणाला, "पेटीतली का, आजी? 'अनंता' लिहिलेली? तुम्ही बिघडली म्हणता ती? बुरशी आली असेल फक्त. मी साफ करतो. रविवारपर्यंत होईल, ताई."

भावनाचे डोळे भरून आले. यमुआजींच्या मांडीवरची मेथी परातीबाहेर सांडली होती आणि त्यांचे त्याकडे लक्ष नव्हते. त्या पुष्करकडे पाहत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. विहिरीच्या काठावरून पाय निसटलेला माणूस ज्या नजरेने काठावरच्यांकडे पाहील, ती नजर होती.

भावना गेल्यावर त्यांनी त्याला दाराची कडी लावायला सांगितली, आणि मग समोर बसवले.

"तुया आजोबाले टीव्हीवाल्यांनी बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "शेतकऱ्यायच्या कार्यक्रमात."

एवढे पुष्करला ठाऊक होते. आजोबांच्या, म्हणजे अनंतरावांच्या, बागेत येऊन टीव्हीवाल्यांनी संत्र्याच्या झाडाच्या डिंक्या रोगावर त्यांचे बोलणे टिपून नेले होते, ही घरातली दंतकथाच होती. पण तो कार्यक्रम कोणी पाहिला नव्हता. गावात टीव्ही नव्हता, आणि शहरातल्या बहिणीने भरून घेतलेली कॅसेट बिघडली असे तिनेच कळवले होते. स्वतःला एकदा पाहावे ही हौस मनात ठेवूनच अनंतराव गेले.

बाकीचे यमुआजींनी तुकड्यातुकड्यांनी सांगितले, मधे मधे दाराकडे पाहत.

त्याच्या आदल्या वर्षी अनंतरावांचे भाषण रेडिओवर झाले होते. यमुताईंनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते भरून घेतले. निवेदिकेने भावाचे नाव घेतले नेमके तेव्हा कुकरची शिट्टी झाली. पुढे शेजारची बाई शिंकली, कोणी तरी "पोहे झाले का वं?" म्हणून विचारले, आणि हे सगळे भाषणासकट कायमचे टेपमध्ये जाऊन बसले. ती टेप ऐकून अनंतराव पोट धरून हसले. यमुताई मात्र रडल्या होत्या. म्हणून टीव्हीच्या वेळी त्यांनी ठरवले की या खेपेला खोलीत टाचणी पडल्याचाही आवाज होता कामा नये.

व्हीसीआर भाड्याने आणला. आणून देणारा माणूस बटण दाबून, "हात लावू नका" एवढेच सांगून दुसऱ्या घरी गेला. गल्लीत टीव्ही एकच, त्यामुळे सगळी गल्ली त्या खोलीत. यमुताईंनी पंखा बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाचा लोलक थांबवला. बायकांना बांगड्या वर सारून पदरात हात घ्यायला लावले, खोकला येणाऱ्या म्हाताऱ्याला तोंडात धरायला खडीसाखर दिली. कडी खडखडू नये म्हणून तिच्यात चिंधी कोंबली, आणि कार्यक्रम संपेपर्यंत दार उघडायचे नाही, कोणीही येवो, असे बजावून स्वतः दाराला पाठ लावून बसल्या. मांडीवर सहा वर्षांची भावना. तिचा बाप गिरणीत पाळीवर होता, आणि आई, प्रेमिला, चूल आवरून मागाहून येणार होती.

"मंग वाजलं," यमुआजी म्हणाल्या.

"दार?"

"सगळ्यांनी मायाकडे पाह्यलं. मी मान हालवली. म्हटलं पोट्टे असतील. मंग पुन्हा वाजलं. ही पोरगी 'आई' म्हणायले गेली, मी तिच्या तोंडावर हात ठेवला."

त्यांनी उजवा तळहात उलटा करून पाहिला आणि पदराखाली घेतला.

प्रेमिला गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली सापडली. पायाला साप चावला होता. दुसऱ्या कुठल्या घरात माणूस नव्हते, म्हणून ती यमुताईंच्या दारावरून निघून रस्त्याकडे रिक्षा पाहायला गेली असावी, असे लोकांनी नंतर जुळवले. दवाखान्यात नेईपर्यंत तिची जीभ जड झाली होती. उजाडायच्या आत ती गेली. आणि गल्लीत त्याच आठवड्यात बोलणे सुरू झाले की तिची हाक यमुताईच्या कॅसेटमध्ये भरली गेली आहे. व्हीसीआर परत गेला. कॅसेट साडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी गेली. लहानूने ती कधी मागितली नाही, आणि यमुताईंनी ती कधी लावली नाही.

"तुया मशीनमंदी," यमुआजींनी अगदी हळू विचारले, "एखादा आवाज तेवढा पुसता येते का गा?"

ऐकता ऐकताच पुष्करच्या अंगावर काटा आला होता, पण त्याचे कारण आजींना वाटत होते ते नव्हते. व्हीसीआर खोलीतले काही ऐकत नसतो. चित्र आणि आवाज दोन्ही त्याला गच्चीवरच्या अँटेनाकडून तारेने मिळतात. खोलीत लग्नाचा बँड वाजला असता तरी त्या फितीवर त्याचा ओरखडाही उठला नसता. पंखा चालू शकला असता. म्हाताऱ्याला खोकता आले असते. हे वाक्य पुढे कुठे जाते ते त्याला दिसले, आणि तो तिथपर्यंत गेला नाही.

"बघतो," तो म्हणाला.

त्या उत्तराची त्याला पुढले सगळे दिवस लाज वाटली. फितीवर खरेच बुरशी होती, पांढरी, पिठासारखी. त्याने ती स्टुडिओत नेऊन मऊ कापडाने, वीत वीत पुसली, तेव्हा त्याला आपण एखाद्या निजलेल्या माणसाचे कपाळ पुसत आहोत असे वाटत राहिले. मग हेडफोन लावून तो पहिल्यांदा आजोबांना भेटला. पांढऱ्या टोपीतला एक सडपातळ माणूस, झाडाच्या बुंध्याशी ओणवा झालेला, साल बोटाने दाखवणारा. हवेतला थोडा खरखराट, मागे कुठे पाण्याचा पंप. बाकी काही नाही. हे त्याला आधीपासून माहीत होते. तरीही दोन वाक्यांमधल्या प्रत्येक शांततेत तो मान आखडून बसला, आणि फितीला पडलेल्या घडीच्या एका पुसट ठोक्याने त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

आता रविवारी काय होणार ते त्याला स्पष्ट दिसत होते. भावनाला आईचा आवाज मिळणार नव्हता. आजींची सुटका होणार होती, पण त्याने तोंड मिटून ठेवले तरच. आणि शनिवारी संध्याकाळी, घरी, संगणकासमोर बसलेला असताना त्याच्या मनात तो विचार आला, ज्यामुळे त्याला नंतर स्वतःचीच भीती वाटली. एक आवाज घालता येईल. शब्द नकोत, फक्त दार वाजल्याचा, दुरून. भावनाला काही तरी मिळेल. त्या बाईने इतक्या वर्षांनी रिकाम्या हाताने का परत जावे?

त्याने फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला आणि खोलीच्या लाकडी चौकटीवर बोटांच्या पेरांनी ठकठक केले.

आतल्या खोलीत काही तरी पडले. मग काहीच ऐकू आले नाही. तो धावला. यमुआजी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. कुंकवाचा करंडा उपडा होऊन गडगडत गेला होता आणि त्यांचा उजवा हात हवेत धरलेला होता, मांडीवर कोणी मूल असावे तसा, त्याच्या तोंडाच्या उंचीवर.

"उघड गा," त्या म्हणाल्या. "या टायमाले उघड."

"आजी, मीच होतो. कोणी नाही."

"उघड म्हणतो ना मी."

त्याने जाऊन दार उघडले. गल्ली रिकामी होती, तलावावर अंधार उतरत होता. तो दार उघडे ठेवून बराच वेळ तिथे उभा राहिला, कारण मागे वळून त्यांच्याकडे पाहायचे त्याला धाडस होत नव्हते. मग त्याने फोनवरचा आवाज पुसून टाकला.

रविवारी भावना वेळेच्या आधी आली. फिकट निळी साडी नेसून, केसांत मोगरा माळून आली होती, जणू कोणाला भेटायला. पुष्करने टीव्हीला जोडणी केली. तेवढ्यात यमुआजी उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. कशासाठी ते त्यांच्याही ध्यानात आले नसावे. खोलीतली हवा ताबडतोब जड झाली.

पडद्यावर आधी वाहिनीचे फिरते बोधचिन्ह आले, मग निवेदिका, मग बाग. अनंतराव चालत चालत एका झाडाशी आले. भावनाचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. ती पडद्याकडे पाहतच नव्हती; मान तिरकी करून, डोळे मिटून ती फक्त ऐकत होती. यमुआजी अनंतरावांचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. एकदाच ऐकलेले ते बोलणे त्यांना शब्दन् शब्द पाठ होते. पडद्यावरचे अनंतराव खाली वाकले. "ही साल अशी पोकळ लागली की समजायचं," ते म्हणाले, आणि यमुआजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हीच ती जागा असणार.

पंपाचा आवाज. आजोबांच्या नखाने साल खरवडल्याचा आवाज. बुंध्याला बोर्डो मलम कसे लावायचे ते त्यांनी सांगितले, हात जोडले, आणि बाग गेली.

यमुआजींचा चेहरा बदलत होता. इतकी वर्षे आवळून धरलेले काही तरी त्यांच्या गालांतून, हनुवटीतून सुटत चालले होते, आणि त्या एकदम तरुण दिसू लागल्या होत्या.

"नाई काही," त्या म्हणाल्या. "पाह्य वं पोरी. कोणीच नाई वाजवलं. पोट्टेच असतील तेव्हा, उगाच लोकांनी काहीतरी उठवलं."

"पुन्हा लाव," भावना पुष्करला म्हणाली.

त्याने लावले. तिने आवाज वाढवायला सांगितला, मग आणखी वाढवायला. अनंतराव खोलीत ओरडल्यासारखे बोलू लागले. बाग पुन्हा गेली तेव्हा भावना त्याच्याकडे वळली, आणि तिचा आवाज अगदी सपाट होता.

"तू पुसलं का?"

"नाही."

"तुया धंदाच हाये हा. यायनं सांगितलं असन, तू पुसलं असन. खरं सांग गा, मी भांडणार नाई. त्या दिवशी मी या खोलीत होती. दार वाजलं होतं. मायी आई होती. मायाच तोंडावर हात होता ना."

पुष्करने आजींकडे पाहिले. त्या अजून हसऱ्याच होत्या, त्यांना अजून कळलेले नव्हते, आणि आणखी एखादे खोटे बोलले तर त्या मरेपर्यंत तशाच राहिल्या असत्या. समोर भावना त्याला चोर समजून बसली होती. या दोघींपैकी कोणाची भीती आपण अधिक बाळगतो, असे त्याने स्वतःला विचारले, आणि उत्तर मिळायच्या आधीच तो बोलून गेला.

"त्यात कधी भरलंच नव्हतं, ताई. हे मशीन खोलीतला आवाज घेत नाही. टेपरेकॉर्डर घेतो. हे फक्त अँटेनातून येतं तेवढंच घेतं. आत कोणी काही बोललं, काही वाजलं, तरी त्याला फरक पडत नाही. तेव्हाही पडत नव्हता."

भावनाने मान खाली घातली. यमुआजींचे हसू तसेच होते, फक्त त्याच्या मागचे माणूस निघून गेले होते.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "पंखा लावला असता तरी चाललं असतं?"

"हो, आजी."

"ही पोरगी बोलली असती तरी?"

"हो."

तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो खोलीत येऊन उभा राहिला, आणि तिघांनीही त्याच्याकडे पाहायचे टाळले. बाहेर उजेड जात चालला होता. दिवा लावायला कोणी उठले नाही.

भावनाने पर्स उचलली. "येतो मी, मावशी," ती म्हणाली. ज्या घरात आता काहीच मागायचे उरले नाही तिथून निघणाऱ्या माणसाचे ते बोलणे होते.

"बस," यमुआजी म्हणाल्या.

"जाऊ द्या आता."

"बस म्हणतो ना. कॅसेटीत नाई त नाई. मी दाराले पाठ लावून बसली होती. बाकीच्यायले निस्तं वाजणं ऐकू आलं. ती बोलली ते मी एकटीनंच ऐकलं." त्यांनी ओठ ओले केले. "लहानूले नाई सांगितलं. कोणालेच नाई. कॅसेट निंगाली त सगळ्यायले समजन म्हणून रोज मरत होती मी."

भावना परत खुर्चीच्या कडेवर बसली. "काय बोलली?"

यमुआजींनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांची नजर भावनाच्या हातांवर होती. हा हात आता उठेल, अशी वाट पाहत असल्यासारखी.

"ती म्हणे, यमुताई, गल्लीत साप निंगाला हाये. भावीले बाहेर सोडू नका."

भावना खुर्चीच्या कडेवरून पुढे सरकली.

"चावला म्हणून नाई बोलली?"

"नाई. तेवढंच. दोनदा बोलली. मी मनात म्हटलं, दार त बंदच हाये, पोरगी मांडीवरच हाये, कार्यक्रम झाला की उघडू. उघडलं असतं त पाय दिसला असता तिचा." त्या थांबल्या. "तू जे म्हणशीन ते म्हण मले."

भावना उठून आजींना मारेल, की त्यांच्या पायांशी कोसळेल, की नुसतीच चालू लागेल, यातले काहीही घडू शकत होते आणि काहीही घडले असते तरी ते पुष्करला चुकीचे वाटले नसते.

"भावी," शेवटी ती म्हणाली. "बाबा भावनाच म्हणत. मले भावी कोणी म्हटलेलं आठवतच नाई."

"ती म्हणे."

"कसं? तिच्यासारखं सांगा. अजून एकदा."

यमुआजींनी डोळे मिटले. पुन्हा ते शब्द आले, पण कुजबुजत, हाताआडून आल्यासारखे, अर्धे गिळलेले.

"हळू नका सांगू," भावना म्हणाली.

त्यांनी दाराकडे पाहिले, मग पुष्करकडे. मग खुर्चीचा हात सोडून त्या ताठ बसल्या, आणि एका तरुण, धापा टाकणाऱ्या बाईची हाक त्यांच्या म्हाताऱ्या गळ्यातून खोलीभर पसरली. नावाशी आवाज फाटला. समोरच्या घरात कोणीतरी खिडकी उघडली. त्या थांबल्या नाहीत.